सात यार्डांची परीक्षा

हार्लन फोर्ड, ओक्लाहोमा
रविवार, २४ ऑगस्ट

प्रिय आर्डिथ,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. तू आणि तुझी नणंद ओपल, दोघी टल्सात सुखरूप असाल असं धरून चालतो.

इकडे तीन आठवडे पावसाचा पत्ता नाही. लाल माती उडते आणि कॉफीच्या कपातसुद्धा तिचा थर बसतो. पिकानची झाडं यंदा भरून आली आहेत, पण एवढ्या कोरड्यात आतला गर कितपत धरेल शंकाच आहे. डॉली आता ठार बहिरी झाली. शनिवारी रेंजवर गोळ्या चालू असतात आणि ही माझ्या पायाशी घोरत पडते. नेमबाजीच्या मास्तराला यापेक्षा लायक कुत्री मिळायची नाही. माझी वरची दाढ काढली. डॉक्टर म्हणाला, आणखी दोन जातील. जाऊ देत.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. अकरा महिन्यांनी आलं आणि चार ओळींचं आलं. ‘केंड्राला तिच्या बापाचं पिस्तूल घेऊन चर्चच्या सुरक्षा पथकात उभं राहायचं आहे. चौदा सप्टेंबरला होमकमिंगच्या जेवणाला रॉइसच्या स्मृतिशिळेवरचा पडदा निघेल, तेव्हा ती पथकात हवी. तिच्या परीक्षेच्या कार्डावर सही कर. एवढं तरी तुला जमेल.’ त्या ‘तरी’वर तू पेन इतकं दाबलं आहेस की कागदाच्या मागे उमटलं आहे. रागावलो नाही. अंत्यविधीच्या दिवशी सगळ्यांच्या देखत तू मला ‘झाडामागचा’ म्हणालीस, त्याच्यापेक्षा हे पुष्कळ सौम्य आहे.

केंड्रा काल आली होती. बरी दिसली. नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरातलं काम तिला मानवलेलं दिसतं, फक्त हसायची विसरली आहे. येताना तुझ्या पद्धतीचा भेंडीचा रस्सा घेऊन आली आणि ठेवता ठेवता म्हणाली, “मामा, हा लाच म्हणून नाही हं.” मी म्हटलं, “लाच असती तर मीठ नीट घातलं असतंस.” तेवढंच काय ते हसलो. मग तिने पिशवीतून रॉइसचं पिस्तूल काढलं.

काल काय झालं ते सांगतो. पण त्याच्या आधी मागचं थोडं सांगायला हवं. त्यातलं बरंच तुला माहीत आहे, तरी वाच.

माझ्या रेंजवर तू आलीस की गवतात तुला खुंट्यांची भोकं दिसायची आणि तू विचारायचीस, दादा, ही चिचुंद्रीची बिळं का रे? ती बिळं नव्हती. तिथे पूर्वी निशाणं होती. सुरुवात केली तेव्हा पुठ्ठ्याचा माणूस पंचवीस यार्डांवर उभा असायचा. लोक चुकायचे, चिडायचे, आणि पुन्हा यायचे नाहीत. मी त्याला पंधरावर आणला. मग दहावर. शेवटी सातवर. सात यार्डांवरून वाण्यालाही नेम लागतो. छातीत एकच फाटका खड्डा पडलेला पुठ्ठा घेऊन माणूस घरी जातो, तो फ्रिजला लावतो, आणि पुढच्या शनिवारी मेव्हण्याला घेऊन येतो. मी सगळ्यांना एकच पाठ देत असे, की जे काही व्हायचं ते सात यार्डांच्या आत होतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. ‘बहुतेक’ हा शब्द मी हळूहळू गाळला.

चर्चने पथक काढलं, तेव्हा परीक्षा मीच बसवली. शेवटच्या बाकापासून दारापर्यंत टेप लावून मोजलं. बरोबर सात भरले. हल्ला करणारा दारातूनच येणार हे आम्ही सगळे धरूनच चाललो. बारा जाणते पुरुष आणि दोन बायका त्या बाकांमध्ये उभे राहून दाराकडे बोटं रोखून सराव करायचे. आणि वर्षातून एकदा, होमकमिंगला, आमची अख्खी मंडळी बाहेर पिकानखाली टेबलं लावून जेवते, जिथे दारच नाही, हे एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. चाळीस वर्षं तिथे जेवतो आहे मी.

परीक्षेत शेवटचा एक टप्पा मात्र पंचवीस यार्डांचा ठेवला होता. पाचच गोळ्या. त्यात रॉइस पहिल्या वर्षी बुडाला. दुसऱ्या वर्षीही. पथकातला बार्नी म्हणाला, “रॉइस, पुठ्ठ्याला नाही तर नाही, टेकडीला तरी लागली ना?” आणि सगळे खो खो हसले. मीही हसलो. रॉइस हसला नाही. त्याने पिस्तूल पेटीत घातलं आणि गाडीत जाऊन बसला.

त्याच आठवड्यात तू पीचची गोड पाई घेऊन आली होतीस. आठवतं? ओट्याला टेकून उभी होतीस. म्हणालीस, “दादा, त्याला चारचौघांत असं पाडू नकोस रे. धड जेवत नाही तो. दार राखायला हाच टप्पा कशाला पाहिजे? दार तर सातवर आहे.” मी म्हटलं, बघतो. पुढच्या वर्षी मी तो टप्पाच काढून टाकला, सगळ्यांसाठी. एकानेही का म्हणून विचारलं नाही. तिघांनी तर वेगळं गाठून आभार मानले.

हे वाचून तू पत्र फेकून देशील, की दादा आता सगळं माझ्यावर ढकलतो आहे. थांब. तुझ्यासाठी काढला असं मी स्वतःलाही सांगितलं होतं. ते खरं नाही. माझा उजवा हात कापायला लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. घरात कप धरताना दिसायचं नाही, पण हात लांब करून धरला की पिस्तुलाच्या टोकावरची नेम जुळवायची माशी उकळत्या पाण्यातल्या दाण्यासारखी नाचायची. सातवर त्याने काही बिघडत नाही. पंचवीसवर सगळं बाहेर पडलं असतं. मास्तरच चुकला असता आणि बार्नीला आणखी एक विनोद मिळाला असता. तू पाई घेऊन आलीस तेव्हा मला बरं वाटलं, आर्डिथ. तुझं नाव पुढे करून मी माझी सोय पाहिली.

आता गेल्या होमकमिंगच्या त्या दिवसाचं लिहितो. त्या माणसाचं नाव मी घेत नाही, तूही घेत नसशील. तो पार्किंगच्या बाजूने आला, चर्चच्या पांढऱ्या बसच्या पुढून, हातात रायफल. आपल्या मंडळीतल्या वूडीला आणि पास्टरच्या आईला त्याने पहिल्या अर्ध्या मिनिटातच मारलं. रॉइस चहाच्या पिंपाशी होता. तिथून बसपर्यंत अडतीस यार्ड. मी नंतर मोजले, आजवर चार वेळा मोजले. मी पिकानच्या झाडाशी होतो, तिथून सव्वीस. नेल्डा आपल्या गाडीतून बीन्सचं मोठं पातेलं काढत होती, ती बसच्या अगदी शेजारी. रॉइसने पिस्तूल काढलं आणि उभ्या उभ्या सहा गोळ्या झाडल्या. का झाडल्या ते मला माहीत आहे. तो आडोसा घेऊ शकत होता, पण त्याने घेतला नाही. मग रायफलची एक त्याला लागली.

माझं पिस्तूल तेव्हा हातात होतं. झाडाच्या बुंध्याला मनगट टेकवून मी नेम धरला होता. तीन, कदाचित चार सेकंद तो मला पूर्ण दिसत होता. मधे कोणी नव्हतं. मी चाप ओढला नाही.

मग त्याची रायफल अडकली. त्याने ती टाकली आणि गवतात मांडी घालून बसला, जणू काही काम संपलं. तेव्हा मी झाडामागून निघालो, चालत गेलो आणि त्याच्यावर पिस्तूल रोखून शेरीफचा डेप्युटी येईपर्यंत सहा मिनिटं उभा राहिलो. किती अंतरावर उभा होतो सांगू? सात यार्ड. मोजायची गरज नव्हती, पायांना ते पाठ आहे. आणि हात असा स्थिर होता की त्यावर अंडं ठेवलं असतं. पेपरात तोच फोटो छापून आला. ‘अनुभवी प्रशिक्षकाचं प्रसंगावधान.’ तो अंक मी शेगडीत घातला.

आता काल. केंड्राने सातवर पंचवीसच्या पंचवीस गोळ्या पुठ्ठ्यात घातल्या. बापापेक्षा हात चांगला आहे तिचा. कानांवरची झाकणं काढली आणि म्हणाली, “मामा, काढ कार्ड.” मी पेन काढलं होतं, खरंच काढलं होतं. मग खिशात ठेवलं आणि मागे चालत गेलो, पावलं मोजत, अडतीस यार्ड, कुंपणाच्या तारेपर्यंत.

“इथून मार,” म्हटलं.

“तिथून कशाला? परीक्षा सातचीच आहे.”

“तुझा बाप इथे उभा होता.”

ती आली, पाय रोवून उभी राहिली आणि सहा झाडल्या. आम्ही दोघं पुठ्ठ्यापर्यंत गेलो. एक लागली होती, खांद्याच्या वरच्या कडेला, नुसती फाडून गेलेली. ती त्या फाटक्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

“बाकीच्या पाच कुठे गेल्या?”

“मागच्या मातीच्या बांधात.”

“आणि त्या दिवशी बाबांच्या मागे... म्हणजे त्याच्या मागे काय होतं, मामा?”

अकरा महिने मी या प्रश्नाची वाट पाहत होतो असं आता वाटतं. मी तिला सांगितलं. रॉइसच्या सहापैकी त्या माणसाला एकही लागली नाही. दोन बसच्या पत्र्यात, खिडक्यांच्या वीतभर वर. तीन सापडल्याच नाहीत. आणि एक नेल्डाच्या खुब्यात. नेल्डाला रायफलची गोळी लागली असं सगळं गाव समजतं. ती रॉइसची होती. तपासवाल्यांनी जुळवून पाहिलं, मला दाखवलं आणि नेल्डालाही सांगितलं. तिने हॉस्पिटलच्या पलंगावरून त्यांना सुनावलं, “आर्डिथला यातलं एक अक्षर कळता कामा नये. तिचा नवरा गेलाय. माझं नुसतं हाड गेलंय.” आता ती वॉकर घेऊन चालते आणि दर महिन्याला तुला भेंडीच्या लोणच्याची बरणी पाठवते, ती यासाठी.

केंड्राने ऐकून घेतलं. म्हणाली, “बस होती. नेल्डा मावशी होती. आणि?”

मी गप्प राहिलो. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, “आईला सांगू नकोस.” पिस्तूल पेटीत घातलं आणि निघून गेली. रश्श्याचं भांडंही न्यायची विसरली.

म्हणजे आता नेल्डा, मी आणि तुझी मुलगी, असे तिघं मिळून तुला सांभाळतो आहोत. मला ते सहन होत नाही. निशाण लोकांना झेपेल इतकं जवळ आणून ठेवायचा धंदा मी आयुष्यभर केला आणि त्याचं काय झालं ते तू पाहिलंस. म्हणून लिहिलं.

आणखी एक उरलं आहे, ते मी केंड्रालाही सांगितलेलं नाही. मी गोळी का झाडली नाही असं डेप्युटीने विचारलं, पास्टरने विचारलं. मी दोघांना म्हटलं, मागे बस होती, बसमध्ये सोळा मुलं होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. पास्टरने तर खांद्यावर हात ठेवला. आर्डिथ, बस तिथे होती आणि मुलंही होती, यात खोटं काही नाही. पण त्या चार सेकंदांत मला बस दिसली नव्हती. मला ती नाचणारी माशी दिसत होती आणि एकच गोष्ट डोक्यात होती, की माझी चुकणार आणि मग तो माझ्याकडे वळणार. बस मला नंतर आठवली, डेप्युटीने विचारलं तेव्हा.

केंड्राच्या कार्डावर मी सही करणार नाही. कोणाच्याच करणार नाही, पथकाला तसं कळवलं आहे. चौदा तारखेला समितीने मला रॉइसवर दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. त्याच्या गोळ्यांबद्दल मी बोलणार नाही, तो तुझा अधिकार. पण माझ्याबद्दल जे वर लिहिलं ते सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्याच्या आधी ते तुला माझ्याकडून कळावं, एवढाच हेतू.

ओपलला नमस्कार सांग. रश्श्याचं भांडं धुऊन ठेवलं आहे.

न झाडलेल्या गोळीसकट तुझाच,
वेंडेल

* * *

टल्सा
शनिवार, ३० ऑगस्ट

वेंडेल,

पत्र पोचलं. ओपल बरी आहे. मीही.

केंड्राने काल येऊन पिस्तूल माझ्या स्वाधीन केलं. कारण मी विचारलं नाही. ती पथकात जाणार नाही. तू सही केली नाहीस ते बरं केलंस. त्याबद्दल मनापासून लिहिते आहे, टोमणा नाही.

नेल्डाचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. रॉइसने पिस्तूल उचललं तेव्हा त्याचं तोंड माझ्याकडे होतं, आणि पिस्तुलाचंही. कोणाची गोळी कुठून आली हे मला जुळवून दाखवायला तपासवाले लागत नाहीत. नेल्डाला वाटतं मला ठाऊक नाही. मी तिला तसं वाटू देते. बिचारीला माझ्यासाठी तेवढंच करता येतं, आणि लोणचं चांगलं असतं.

रॉइसच्या नेमाचंही मला माहीत होतं. पाईही मीच आणली होती. त्याचा हिशेब माझा मी करते आहे, तुझी मदत नको.

आता माझं ऐक. अंत्यविधीच्या दिवशी मी तुला वाटेल ते बोलले. ऑक्टोबरात कधीतरी भांडी घासताना मला ती बस आठवली. सोळा मुलं. हातातलं भांडं तसंच ठेवून मी खाली बसले. म्हटलं, दादाला मुलं दिसत होती. त्याचा नेम चुकण्यातला नाही, त्याने मुलांसाठी हात आवरला, आणि मी त्याला काय काय बोलले. त्या दिवसापासून मी हेच धरून बसले होते. ओपलला हेच सांगितलं. केंड्राला हेच सांगितलं. फोन किती वेळा उचलला आणि ठेवला, कारण माफी मागायची मला सवय नाही, तुला ठाऊकच आहे. शेवटी कार्डाचं निमित्त काढून चार ओळी लिहिल्या. तुला त्यात फक्त ‘तरी’ दिसला. होमकमिंगला येऊन तुझ्या शेजारी बसायचं मी ठरवलं होतं. निळा ड्रेस इस्त्री करून ठेवला आहे.

आणि तू लिहितोस की बस नंतर आठवली.

हेही मी गिळलं असतं कदाचित. माणूस घाबरतो. मीही घाबरले होते. पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात डॉली आहे, दाढ आहे, खुंट्यांची भोकं आहेत. तुझा हात आहे, माशी आहे, बस आहे. नेल्डा आहे, तिच्या गाडीतून बीन्सचं मोठं पातेलं काढणारी. ते पातेलं एकट्या बाईला उचलत नाही, वेंडेल. त्याची दुसरी कडी माझ्या हातात होती. ते टाकून आम्ही दोघी खाली पडलो, तेव्हा त्या माणसाचे बूट माझ्या डोळ्यांपासून हातभर लांब होते. रॉइस कशासाठी उभा राहिला ते तुला माहीत आहे असं लिहितोस आणि पुढे जातोस. केंड्रा तुला विचारते ‘आणि?’, तर तू गप्प बसतोस. एवढ्या लांबलचक पत्रात तू मला कुठेच ठेवलं नाहीस.

त्या चार सेकंदांत मी तुला दिसत होते का, हे मला विचारायचं नाही. दिसत होते. मी तुझ्याकडे पाहत होते.

चौदा तारखेला तुला जे सांगायचं ते सांग. मी येणार नाही. शिळेवरचा पडदा नेल्डाने काढावा, तिला मी आज फोन करते.

जिच्या डोक्याशी तो माणूस उभा होता, ती
आर्डिथ